राखीव छत्री

योगिनीच्या पॅराशूटची किंमत विचारली नाही असा माणूस जेल रोडवरच्या त्या सोसायटीत उरला नव्हता. ते उघडते कसे, उघडले नाही तर काय करायचे, यातले काहीच कुणाला जाणून घ्यायचे नव्हते. दूधवाला, तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, आईच्या भिशीतल्या बायका, सगळ्यांचा प्रश्न एकच, "केवढ्याला पडलं?" निफाडकडची बायडाआत्या तर काही निमित्त नसताना एसटीने आली. चहा होईपर्यंतही तिला धीर धरवला नाही.

"दोन लाख?" तिने डोळे विस्फारले. "अगं, खाली पडाया पैशे लागत्यात व्हय? आमच्याकडं पोरं चिंचेवरनं फुकट पडत्यात."

"पडायला लागत नाहीत आत्या. पडून जिवंत राहायला लागतात."

"मंग पडूच नको ना बाई. लय सोपं हाय."

सगळे हसले. योगिनीही हसली, पण त्या हसण्याने तिच्या आत काहीतरी दर वेळी थोडे झिजत असे. एखाद्याने सहा वर्षे खपून घर बांधावे आणि आल्यागेल्याने फक्त विटांचा भाव विचारावा, तसे तिला होई.

१९९६ साली कॉलेजात असताना एन.सी.सी.मधून तिची आग्र्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती. एकोणिसाव्या वर्षी तिने विमानातून पाच उड्या मारल्या. तेव्हा सगळे सरकारचे होते. पाठीवरची छत्री सरकारची, बूट सरकारचे, विमानही सरकारचे; तिची स्वतःची अशी फक्त उडी होती. पुढे शिक्षण संपले, वडील गेले, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. मध्य प्रदेशातल्या एका जुन्या धावपट्टीवर एक संस्था थंडीत नागरिकांसाठी उड्यांचे शिबिर घेते असे कळल्यावर ती दोन हिवाळे तिकडे जाऊन आली. भाड्याच्या सामानावर तिने विसाच्या वर उड्या केल्या. परवान्यासाठी तीन उरल्या आणि मग शिबिरच बंद पडले. ते पुन्हा भरणार असल्याचे पत्रक आले ते २००४ च्या उन्हाळ्यात. दसऱ्यानंतर दहा दिवसांनी शिबिर सुरू होणार होते. संस्थेचे जुने सामान बाद झाले असल्यामुळे ज्याच्याकडे स्वतःचे सामान असेल त्यालाच उडी मारता येईल, अशी अट खाली ठळक अक्षरांत होती. त्यासाठी ती सहा वर्षे पैसे साठवतच होती; अमेरिकेतल्या एका दुकानाकडे तिने लगेच मागणी नोंदवली.

सामान म्हणजे काय, हे तिने आईला, वत्सलाबाईंना, एका दुपारी नीट बसून समजावले होते. पाठीवरची पिशवी आणि तिचे पट्टे, त्या पिशवीत दोन छत्र्या, एक नेहमीची आणि एक राखीव. मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा. शिवाय, उडी मारणारा बेशुद्ध पडला तर ठरावीक उंचीवर राखीव छत्री आपोआप मोकळी करणारे एक छोटेसे यंत्र. वत्सलाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि प्रत्येक वस्तूचे आपल्या चलनात रूपांतर केले. नेहमीची छत्री म्हणजे एक नवी स्कूटर. राखीव छत्री म्हणजे रंगीत टीव्ही आणि फ्रीज. यंत्र, जे काड्यापेटीच्या पुड्याएवढेही नव्हते, ते आठ तोळे सोने.

"आणि ते यंत्र किती वर्षं टिकतं?"

"बारा. मग टाकून द्यायचं."

"एकदाही वापरलं नाही तरी?"

"वापरलं नाही, बिघडलं नाही, तरी टाकून द्यायचं."

वत्सलाबाईंनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. बारा वर्षांनी टाकून द्यायचे आठ तोळे त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हते.

राखीव छत्रीबद्दल मात्र योगिनीने घरात सक्त ताकीद देऊन ठेवली होती. ती छत्री परदेशातल्या परवानाधारक माणसाने बांधून दिली होती. बांधल्यावर तिच्या पिनेला लाल दोरा गुंडाळून शिशाचे छोटे सील दाबले होते, आणि सोबतच्या कार्डावर त्याची सही होती. ते सील शाबूत आणि ती सही ताजी असली, तरच कुणी विमानात पाऊल ठेवू देई. भारतात सही करू शकणारा माणूस तिला खूप शोधूनही सापडला नव्हता. म्हणून पिशवी आतल्या खोलीतल्या कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली असे, आणि कपाटाला कुलूप.

"पण ती दुसरी छत्री लागतेच किती वेळा?" थोरला भाऊ गोरक्ष याने एकदा विचारले होते.

"हजारात एखाद्या वेळी," योगिनी सहज म्हणाली होती. आई जवळच भाजी निवडत होती, म्हणून तिने तो सहजपणा जरा जास्तच आणला होता.

खंडेनवमीच्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होती. योगिनीने स्वतः आपल्या तपासणीच्या टेबलाला हळदकुंकू वाहिले, मीटरवर झेंडूचे फूल ठेवले, साहेबांनी फोडलेल्या नारळाचे खोबरे खाल्ले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ती दुपारीच घरी परतली. दार उघडेच होते. आत शिरताच तिला जळक्या वातीचा वास आला.

बैठकीच्या खोलीत पाट मांडला होता. पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनची डबी, गोरक्षची पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना कुंकवाची बोटे लावलेली. समई आडवी पडली होती. आणि पाटापासून पार खिडकीपर्यंत, फरशीभर, निळेपांढरे कापड पसरले होते. गोरक्ष त्या कापडाच्या मधोमध गुडघ्यांवर बसून ते गोळा करू पाहत होता. वत्सलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर झेंडूची तुटलेली माळ होती.

योगिनीला ते कापड ओळखायला क्षणही लागला नाही.

"कुणी काढलं हे?"

"काढलं नाही," गोरक्ष म्हणाला. "उडालं. स्प्रिंगवर काहीतरी होतं ते एकदम बाहेर आलं, समईवर पडलं. मी पाणी ओतून विझवलं आधी."

"पाणी ओतलंस?"

"मग काय जळू द्यायचं होतं?"

"ते उडाल्यावर एक फूट दोरी बाहेर येते फक्त. छत्री आत थैलीतच राहते. ही बाहेर कशी आली?"

गोरक्षने मान खाली घातली. "परत आत कोंबायला गेलो. नीट घडी करावी म्हणून थोडी ओढली, तर येतच गेली."

योगिनी कापडाच्या कडेला उकिडवी बसली. एका जागी हाताच्या पंजाएवढा तेलाचा डाग पडला होता. त्याच्या कडेने हळद पसरून पिवळी झाली होती. पट्ट्यांमध्ये अडकवलेले यंत्र आपल्या जागी शाबूत होते. ते हाताने उडालेल्या छत्रीशी काहीच देणेघेणे नसल्यासारखे गप्प बसले होते. आठ तोळे सोने सुखरूप होते. तिला त्या यंत्राचाही राग आला.

"किल्ली कुणी दिली आईला?"

"मीच दिली," गोरक्ष म्हणाला. "ती म्हणाली, नुसतं कुंकू लावते."

"माळ घालत होते गं," वत्सलाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "पट्ट्यावरून घसरत होती. तिथं छातीपाशी एक स्टीलची कडी दिसली. मला वाटलं, अडकवायलाच केलीय. दोरा ओवता येईना म्हणून जराशी पुढं ओढली."

"आई, मी सांगितलं होतं की नव्हतं? हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"आज घरातल्या कात्रीलासुद्धा कुंकू लागलं, योगे. ज्याच्यावर पोरीचा जीव टांगायचा, ते तसंच कपाटात अंधारात ठेवू? मला राहवलं नाही."

"तुला राहवलं नाही! सहा वर्षं मी मन मारलं, त्याचं काय? एक नवी साडी घेतली नाही, कुठे फिरायला गेले नाही, रविवारी शिकवण्या केल्या. आणि तू दोन रुपयांच्या माळेपायी..."

वाक्य पुरे झाले नाही. वत्सलाबाई उठल्या, माळेची फुले ओंजळीत घेतली आणि स्वयंपाकघरात गेल्या. पेढ्यांचा पुडा दाराशी तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोसायटीतल्या बायका आपट्याची पाने घेऊन येण्याआधीच योगिनीने सगळे सामान मोठ्या बॅगेत भरले आणि देवळाली कॅम्पची बस पकडली. तिथे सुभेदार मल्हारी राहत. सैन्यात असताना त्यांनी वीस वर्षे पॅराशूटच बांधली होती. नेहमीची छत्री कशी घडी करायची, हे त्या दोघांनी या पावसाळ्यात सुभेदारांच्या गच्चीवर, पुस्तकातली चित्रे बघत एकत्रच शिकून घेतले होते.

सुभेदारांनी तिच्या हातावर सोने ठेवले, हकिकत ऐकली, एकदा हसू दाबले आणि मग राखीव छत्री सतरंजीवर पसरून तिच्याभोवती हळूहळू फिरले.

"बांधता येईल ना काका?"

"कशी तरी बांधता येईल."

"तुम्ही बांधलेली मला चालेल."

"मला चालणार नाही." ते कट्ट्यावर बसले. "पोरी, मी आयुष्यभर गोल छत्र्या बांधल्या. ही चौकोनी जात माझ्यासाठी नवी. नेहमीची छत्री आपण पुस्तक बघून बांधली, कारण ती चुकली तर खाली राखीव होती. ही चुकली तर खाली काय आहे?"

योगिनी डागाजवळची सुरकुती बोटाने सरळ करू लागली.

"आणि हा डाग. तेलानं या कापडाचं काय होतं, मला ठाऊक नाही."

"कदाचित काहीच होत नसेल."

"नसेल. पण मला ठाऊक नाही. माझ्या नातीसाठीसुद्धा मी ही बांधली नसती."

तिला त्यांच्याशी भांडावेसे वाटले. पण भांडायला त्यांनी काही जागाच ठेवली नव्हती. खोटा धीर दिला असता, आढ्यता दाखवली असती, तर चार शब्द सुनावता आले असते. ठाऊक नाही म्हणणाऱ्या माणसाला काय सुनावणार?

पुढचे चार दिवस ती कारखाना सुटल्यावर नाशिक रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसू लागली. परदेशातल्या त्या दुकानाचे उत्तर लगेच आले आणि फार सौजन्याने आले. पिशवीसकट छत्री पाठवा, तपासू, डाग घातक नसेल तर पुन्हा बांधून देऊ. बांधणावळ फारशी नाही. पण जायला-यायला कुरिअरचा खर्च बांधणावळीच्या चौपट होता. शिवाय हेच सामान दुरुस्तीसाठी बाहेर जात आहे असा कस्टमचा दाखला जाण्याआधी मुंबईहून मिळवावा लागणार होता. नाहीतर परत येताना नव्या वस्तूसारखे पुन्हा शुल्क. एवढे करूनही दीड-दोन महिने. शिबिर आठवड्यावर आले होते. नाशिकला एक माणूस पिशवी हातात धरून उभा आहे, पैसे आहेत, रजा मंजूर आहे, रेल्वेचे तिकीट आहे, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या एका सहीवाचून सगळे अडले आहे, हे तिच्या डोक्यात मावत नव्हते. घरी ती कुणाशी बोलत नव्हती. आई ताट वाढे, ती जेवे आणि उठे.

शुक्रवारी संध्याकाळी गोरक्ष तिच्या खोलीत आला. तो घराघरांत विजेचे मीटर बसवण्याची छोटी कंत्राटे घेत असे. त्याने खिशातून एक लहानशी पक्कड काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी शिशाच्या दोनचार गोळ्या.

"हे बघ. मीटरला हेच सील लागतं. तुझं तुटलेलं सील मी पाहिलंय, फार फरक नाही. लाल दोरा शिंप्याकडं मिळेल. कार्डावर सही आधीचीच आहे, तारीख डिसेंबरपर्यंत चालते म्हणतेस. सुभेदारांना म्हण, फक्त आत भरून द्या. बाकीचं मी बघतो."

"दादा, तू काय बोलतोयस कळतंय का?"

"कळतंय. नेहमीची छत्री तर उघडणारच आहे ना? तूच म्हणालीस, दुसरी हजारात एकदा लागते. तुला तीन उड्या मारायच्या आहेत. तीन! मग निवांत पाठव अमेरिकेला."

योगिनीने शिशाची एक गोळी उचलली. ती थंड आणि अगदी हलकी होती. तिला नको म्हणायचे होते. पण नको हा शब्द तोंडात येण्याआधी तिच्या मनाने वाट आखायलाही सुरुवात केली होती. शिबिरात सामान तपासणारा मुलगा घाईत असतो. तो सील बोटाने चाचपतो, कार्डावरची तारीख बघतो, पुढच्याकडे वळतो. तीन उड्या. मग हातात परवाना, मग जगात कुठल्याही धावपट्टीवर जाऊन उभे राहता येईल.

"दाब बरं एक. कसं दिसतं बघू," ती म्हणाली.

गोरक्षने दोऱ्याच्या तुकड्यावर गोळी ओवली आणि पक्कड दाबली. चपटे झालेले शिसे अगदी खऱ्यासारखे दिसत होते.

"ते लावलं की मग छत्री उघडेल ना?"

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळच्या, कुणास ठाऊक. प्रश्न त्यांनी साधाच विचारला होता, माहिती करून घ्यायला विचारावा तसा. गोरक्षने योगिनीकडे पाहिले. योगिनीने त्याच्या हातातल्या सीलकडे पाहिले.

"मला त्या साहेबांचा नंबर दे," वत्सलाबाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"शिबिराच्या. कोल्हापूरकडचे आहेत, मराठी बोलतात, म्हणाली होतीस मागं. चूक माझी आहे, मी सांगते त्यांना."

"आई, असं नसतं. तिथं नियम..."

"नंबर दे."

आजवर या बाईने उडीचे नाव निघाले की देवाजवळ दिवा लावला होता. तीच आता फोनजवळच्या स्टुलावर बसून, पदर सावरून, कधी न पाहिलेल्या निवृत्त हवाई दल अधिकाऱ्याशी बोलत होती. योगिनीला फक्त आईची बाजू ऐकू येत होती.

"नमस्कार साहेब. मी योगिनीची आई बोलते, नाशिकहून... नाही नाही, तब्येत बरी आहे तिची... साहेब, तिच्या सामानाची पूजा करताना माझ्या हातून राखीव छत्री उघडली... पूजा. हो, पूजा... खंडेनवमीची... हसू नका साहेब, पोरगी चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिची काही चूक नाही हो. सहा वर्षं राबलीय ती. तेवढ्या तीन उड्या मारू द्या तिला. तुमच्याकडची एखादी जुनी द्या, भाडं देऊ आम्ही. काही लिहून हवं असलं तर मी लिहून देते, आई म्हणून."

मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. एकदा "हो" म्हणाल्या, थोड्या वेळाने पुन्हा "हो". रिसीव्हर त्यांनी फार सावकाश खाली ठेवला.

"काय म्हणाले?" गोरक्षने विचारले.

"नाही म्हणाले. त्यांच्याकडे जुनं काही शिल्लक नाही." त्यांनी पदराने तोंड पुसले. "म्हणाले, बाई, मागे एकदा एका मुलाची पहिली छत्री गुंतली. दुसरी उघडली म्हणून तो आज दुकान चालवतोय. तुम्ही लिहून द्याल आणि मी घेईन, पण तुमची मुलगी खाली पडेल तेव्हा तो कागद मी कुणाला दाखवू?" त्यांनी रिसीव्हर नीट बसवला. "असं तोंडावर बोलला माणूस. मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे की."

योगिनीकडे पाहत त्यांनी विचारले, "हजारात एकदा म्हणजे अशी एकदा होय?"

योगिनीला वाटले, आता आई रडेल. आई रडली नाही. उलट आईला ऐकू जावे म्हणून दिलेल्या त्या सहज उत्तराचे ओझे आता योगिनीवरच आले.

"हो," ती म्हणाली. "अशीच."

गोरक्षने पक्कड आणि शिशाच्या गोळ्या उचलल्या, दाबलेले सील दोऱ्यासकट खिडकीबाहेर फेकले आणि चप्पल घालून बाहेर पडला.

शनिवारी योगिनी नाशिक रोड स्टेशनवर जाऊन तिकीट रद्द करून आली. रजा मागे घेतली नाही. कारखान्यात कुणी विचारले असते आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगावे लागले असते. शिबिराच्या पहिल्या दिवशी सकाळी वारा अगदी पडलेला होता, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ. अशा हवेत विमान पहिल्या फेरीला लवकर सुटते, हे तिला माहीत होते. तिने खिडकी लावून घेतली आणि पिशवी आणि राखीव छत्री पाठवणीसाठी खोक्यात भरायला बसली. पुढचे शिबिर कधी, याचे पत्रकात काही नव्हते. कदाचित वर्षाने, कदाचित कधीच नाही. यंत्राची बारा वर्षे मात्र शिबिर असो वा नसो, चालूच राहणार होती.

वत्सलाबाई येऊन समोर बसल्या. त्यांनी कापडाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"परत कधी येईल हे?"

"बहुतेक जानेवारीत. डाग चालला तर."

"नाही चालला तर?"

"तर नवी घ्यायची. टीव्ही आणि फ्रीज."

त्या किंचित हसल्या. योगिनी हसली नाही. राग अजून होता. तो कुणावर काढावा हे उमगत नव्हते, म्हणून तर तो जात नव्हता. आईशी ती बोलत होती, एवढेच काय ते निराळे.

"पुढच्या दसऱ्याला पूजा करावीच लागेल," वत्सलाबाई जरा वेळाने म्हणाल्या. "नाही करायची म्हटलं तर मला वर्षभर झोप लागायची नाही. कुंकू कुठं लावलेलं चालेल, तेवढं एकदा दाखवून ठेव."

"आई!"

"ओरडू नको. विचारतेय ना आधी."

योगिनीने सुस्कारा सोडला. मग बॅगेतून हेल्मेट काढले आणि आईच्या पुढ्यात ठेवले. "ह्याला. एकच बोट. हळद नको, डाग जात नाही."

वत्सलाबाईंनी हेल्मेट उचलले, उलटसुलट करून पाहिले, आतला मऊ भाग दाबला.

"केवढ्याला पडलं हे?"

"अडीच हजार. सगळ्यांत स्वस्त."

"पण तुझा जीव काही ह्याच्यावर टांगायचा नाही ना," वत्सलाबाई म्हणाल्या.

योगिनीने कापडाची पुढची घडी घातली, तेलाचा डाग वर येईल अशी, म्हणजे खोके उघडणाऱ्याला तो आधी दिसेल, आणि चिकटपट्टी शोधू लागली.